वाण

मराठीतले काही शब्द मोठे मायावी असतात. 'वाण' हा त्यांतलाच एक. संक्रांतीला सुवासिनी एकमेकींच्या पदरात घालतात तेही वाण आणि कुणबी तिफणीच्या चाड्यात सोडतो तेही वाण. व्युत्पत्तीच्या पंडितांना विचारले, तर ते या दोन शब्दांची कुळे वेगळी लावून देतील. माझ्या आजीला मात्र पंडित माहीत नव्हते. तिच्या लेखी शब्द एकच होता. जे दुसऱ्याच्या पदरात घातल्यावाचून आपल्या घरी टिकत नाही, ते वाण.

पुण्यामुंबईच्या वाचकांना हे कोडे वाटेल. बी म्हणजे दुकानातून आणायची पिशवी, तिच्यावर शिक्का, मागच्या बाजूला बारीक अक्षरे, आणि पावती. आमच्या सोलापूरकडेही आता पिशवी आलेली आहे. तरी अजून पेरणीच्या दिवसांत पारावर बसलेला एखादा म्हातारा दुसऱ्याला विचारतोच, "बी कुनाकडचं?" मुलीचे स्थळ विचारताना जो सूर लागतो, नेमका तोच सूर या प्रश्नाला असतो. बी कसले आहे, हे तो विचारत नाही. कुणाकडचे, हे विचारतो. एकदा घर कळले, की पुढचे सारे त्याला आपोआप कळते. त्या घरचे रान कसे, त्या घरची बाई कणसे कशी निवडते, तो माणूस शब्दाचा कसा, हे सगळे त्या एका उत्तरात येते.

आमचे गाव मंगळवेढ्याकडचे. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. जमीन काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. पाऊस मात्र तुटपुंजा. साऱ्या सोलापूर जिल्ह्याची सरासरीच वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही आषाढ-श्रावणात नुसता भुरभुरतो. खरा पाऊस परतीचा, उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांचा. म्हणून आमचे मुख्य पीक रब्बीचे. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ज्वारी पेरावी लागते. कागदावर हा महिना दिसतो, पण रानात तो आठ दिवसांचाच असतो. पाऊस उघडावा, रानाला वाफसा यावा, आणि त्या वाफशावर मूठ धरावी. वाफसा हुकला तर वरची ओल उडते. पेरणी फार लांबली तर कोवळ्या रोपाला खोडमाशी धरते. एकराला बी लागते अवघे चार किलो. पण ते चार किलो त्या आठ दिवसांत घरात असले पाहिजे. वर्षाचा संसार त्या चार किलोंवर उभा असतो.

पीक एकच, मालदांडी. मोत्यासारखा टपोरा, पांढरा, चकचकीत दाणा. भाकरी दोन दिवस मऊ राहते आणि कडबा जनावर चाटूनपुसून खाते. आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात या गावरान मालदांडीतून एक वाण निवडण्यात आला. 'एम ३५-१' असे त्याचे कागदी नाव. इतकी वर्षे लोटली, नवे वाण आले, तरी तो मागे हटलेला नाही. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या गावात ती बातमी कळली, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी आता सरकारालाबी कळलं म्हना, ज्वारी कुनाकडची ते!"

आजीचे बियाणे खळ्यावर निवडले जात नसे. ज्वारी हुरड्यात असल्यापासून ती रानात फिरे. उभ्या पिकात तिला जे ताट मनात भरेल, त्याला ती जुन्या लुगड्याची चिंधी बांधी. ताट सरळ हवे, कणीस भरगच्च हवे, दाणा एकसारखा हवा, आणि शेजारची ताटे वाळायला लागली तरी ते हिरवे राहिलेले हवे. बांधाच्या कडेचे ताट ती कधी घेत नसे. बांधाकडेला जागा मोकळी, ओल जास्त. तिथे कुणीही माजते, असे ती म्हणे. पुढे शाळेत मुलांना परागीभवन शिकवताना मला कळले, की ज्वारीचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते. म्हणून चांगल्या ताटाचे बी पुढच्या वर्षी बरेचसे तसेच उतरते. आजीला हे पुस्तक ठाऊक नव्हते. तिला चिंधी ठाऊक होती.

काढणी झाली, की चिंध्यांची कणसे वेगळी काढून काठीने हलकेच बडवायची, उन्हात खडखडीत वाळवायची, राखेत घोळायची, आणि लिंबाचा वाळला पाला घालून मडक्यात भरून तोंड शेणामातीने लिंपून टाकायचे. मडक्याला हात आजीचा. आजोबा घरचे धनी होते, बाजारहाट त्यांचा, सातबारा त्यांच्या नावावर. पण त्या मडक्याला हात लावायचा, तर त्यांनाही आजीला विचारावे लागे. घरात दाणा संपला आणि उसनवारीची वेळ आली, तरी ते मडके फुटत नसे. "उपाशी निजंल त्यो सकाळी उठंल," ती म्हणे, "पर बी खाल्लं त्यो उठायचा न्हाई."

हे बी गावोगाव कसे फिरे, ते पाहण्यासारखे होते. त्याच्या वाटा ठरलेल्या असत, आणि त्या नात्याच्याच वाटा असत. पहिली वाट भावकीची. भावकीत बियाला नाही म्हणायचे नाही. बांधावरून डोकी फुटलेली असोत, कोर्टात तारखा चालू असोत; पेरणीच्या दिवसांत दारात पोर आले, की माप भरून द्यायचे. भांडण पुन्हा पेरणीनंतर. दुसरी वाट सोयऱ्यांची. येळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्याकडे सारी घरे रानात जातात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे घेऊन ज्वारीच्या पिकात कोप करून पूजा होते, आणि पाव्हणेरावळे झाडाखाली पंगतीला बसतात. शहरातल्या माणसाला ती वनभोजनाची मौज वाटते. पण जेवण झाले, की पाव्हणा सुपारी चघळत पिकातून एक फेरी मारून येतो. ती फेरी मोठी महत्त्वाची. तो डोळ्यांनी पीक तोलत असतो. "मामा, औंदा ह्यातलं दोन पायल्या माझ्या नावानं ठिवा," एवढे तो म्हणतो, आणि सौदा पुरा होतो. पिशवीवर छापलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवण्यापेक्षा उभे पीक आणि उभा माणूस दोन्ही डोळ्यांनी पाहून ठेवलेला विश्वास पक्का, हे त्यातले शास्त्र.

तिसरी वाट लेकींची. माझी आजी लग्न होऊन आली, तेव्हा तिने माहेराहून गूळभेंडी आणली. ही हुरड्याची ज्वारी. मालदांडीपेक्षा गोड, कोवळेपणी कणीस चोळले की दाणा अलगद सुटतो. लाह्यांच्या ज्वारीचे बी चुलतआजीने आणले. करडईचे एक बी तर थोरल्या काकूच्या माहेरचे. आमच्या रानात कोणत्या ओळीला काय उभे आहे, हे पाहून घरात कोणकोणत्या गावच्या लेकी आल्या, ते सांगता आले असते. आणि आमच्या लेकी गेल्या, त्याही मोकळ्या ओटीने गेल्या नाहीत. माझी आतेआजी, म्हणजे आजोबांची बहीण, भीमेच्या काठच्या गावी दिली. पहिल्या वर्षीच्या माहेरपणाहून परत जाताना आजीने तिच्या ओटीत तांदळाबरोबर मालदांडीचे बी घातले होते. त्या वेळी कुणालाही तो मोठा विचार वाटला नसेल. लेकीला द्यायचे म्हणून दिले.

तो विचार किती मोठा होता, ते १९७२ने दाखवले. त्या दुष्काळाचे मी काही पाहिलेले नाही. माझा जन्म पुढचा. पण आमच्या घरात बहात्तर साल हे अजून काल घडल्यासारखे सांगतात. हस्त कोरडा गेला. पेरलेले उगवले नाही, उगवले ते टिकले नाही. घरची माणसे रस्त्याच्या खडीवर गेली. सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. ती मिलो हातात घेऊन आजी म्हणाली होती म्हणे, "ही बिचारी कुनाच्या घरची, कुनास ठावं." आणि त्या वर्षी, पोरांची तोंडे पाहवेनात म्हणून, तिने स्वतःच्या हाताने ते लिंपलेले मडके फोडले.

पुढच्या वर्षी पाऊस आला. रानाला वाफसा आला आणि घरात बी नाही. भावकीत कुणाकडेच नाही. सगळे एकाच आभाळाखाली पेरणारे. गावात सावकाराकडे होते, पण ते दिढीने. एक पायली न्यायची आणि खळ्यावर दीड घालायची. पीक बुडाले, तर पुढच्या वर्षी त्या दीडावर पुन्हा दिढी. आजोबा धोतर सावरून निघाले. आजीने त्यांना दारात अडवले आणि आपल्या थोरल्या मुलाला, म्हणजे माझ्या वडिलांना, भीमाकाठी आत्याकडे पिटाळले. तिथे विहिरीला थोडे पाणी होते. आतेआजीने दोन वाफे भिजवून बियापुरती ज्वारी जगवली होती. वडील दोन दिवसांनी पाठीवर ओझे घेऊन परत आले. आजीने ओंजळीत दाणे घेऊन पाहिले. तिचेच बी होते. लेकीच्या ओटीतून गेलेले, माहेरपणाला आल्यासारखे परत आलेले.

सोयरीक दूरच्या गावी का करावी, याची पुष्कळ कारणे समाजशास्त्राच्या पुस्तकांत असतील. आमच्या घराला त्यातले एक कारण त्या वर्षी कळले. दोन गावांवर एकच ढग सहसा रुसत नाही.

इथवर लिहिल्यावर वाचक म्हणतील, काय ही जुन्या लोकांची माया! आणि लेखही इथेच संपवता आला असता. दिवाळी अंकात गोड लिहावे असा रिवाज आहे. परंतु ज्या वाटा नात्याच्या असतात, त्यांना कुंपणही नात्याचेच असते. मंगळवेढा ही जशी सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांची भूमी, तशी ती चोखोबांचीही भूमी आहे. याच गावचे कूस बांधताना भिंत कोसळून चोखोबा गेले, असे परंपरा सांगते. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न आमच्या मुलखाला नवा नाही. बियालाही तो सुटलेला नव्हता.

आमच्याकडे एक सालगडी होते. अर्धे आयुष्य त्यांनी आमच्या रानात घातले. आजोबांच्या चाड्यावर मूठ धरायला त्यांच्यासारखा हात नव्हता. त्यांच्या हातचे तास मोजून बघावे, इतके सारखे उगवे. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याने निघालेल्या जमिनीतून पुढे त्यांना ओढ्याकाठी तीन एकर मिळाले. दुष्काळ सरून दोनतीन वर्षे झाली होती. कागद हातात आला, कोर्टाची, तलाठ्याची सारी कामे झाली. पण पेरायला बी कुठून आणायचे? त्यांची भावकी सगळी भूमिहीन. सोयरेही तसेच. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणाची जमीनच नाही, त्यांच्या लेकीच्या ओटीत बी कुठून येणार? सरकारने जमीन दिली, पण भीमाकाठची आत्या सरकारला देता येत नव्हती.

ते आमच्या दारी आले. आजोबांनी बी दिले, नाही म्हटले नाही. पण ते माप भावकीचे नव्हते. भावकीला आणि सोयऱ्याला माप शिगोशीग भरत. पायलीच्या तोंडावर दाण्याची टेकडी उभी राहिली पाहिजे, आणि वर एक मूठ. परत येतानाही तेवढेच, शीग आणि मूठ, चढ काही नाही. सालगड्याला आजोबांनी माप भरून वरून हात फिरवला. सपाट. आणि परत सवाईने. सावकाराच्या दिढीपेक्षा सवाई बरी, असे आजोबांना वाटले असेल. त्या काळच्या रिवाजात तो उपकारच होता. सालगड्याने धोतराच्या सोग्यात बी घेतले, रामराम केला आणि निघाला. आजी परसदारी उभी होती. तिने त्याला हाक मारली आणि काही न बोलता आपल्या मडक्यातली एक मूठ त्याच्या सोग्यात टाकली.

आजीने ही गोष्ट मला कधी सांगितली नाही. तिच्या लेखी ती गोष्टच नव्हती. मला ती फार पुढे, वेगळ्याच तोंडून कळली.

मधल्या काळात बियांचे जग पालटले. १९६४मध्ये ज्वारीचा पहिला संकरित वाण 'सी.एस.एच.-१' आला होता. त्याचे पीक दांडगे, पण त्याचे बी घरी धरून भागत नाही. पुढच्या पिढीत दाणा फुटून निघतो, एक उंच तर एक बुटका. दर वर्षी नवी पिशवी आली. १९७६मध्ये अकोल्याला राज्याचे बियाणे महामंडळ, आपले महाबीज, उभे राहिले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने रब्बीसाठी फुले वसुधा, फुले रेवती असे चांगले वाण काढले, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे त्यात भले झाले, हे मी शिक्षक म्हणून नाकारणार नाही. पिशवीचा एक गुण तर मोठाच आहे. ती जात विचारत नाही, भावकी विचारत नाही, शीग की सपाट असा भेद करत नाही. पैसे टाकले, की ती सगळ्यांना सारखी. फक्त पैसे टाकावे लागतात.

कायद्याचेही बरे झाले. २००१च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शिवारातले बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा, दुसऱ्याला देण्याचा आणि विकण्याचाही हक्क लिहून दिला. शिक्कामोर्तबाची पिशवी करून मात्र विकायचे नाही. संसदेत बसलेल्या कुणाला माहीत नसेल, पण माझ्या आजीची सारी कारकीर्द त्या एका कलमात आली आहे. तिकडे अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियांची बँक उभी केली, आणि २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वर्तमानपत्रात तो फोटो पाहिला, तेव्हा मला आमच्या माजघरातली मडकी आठवली. अशा कितीतरी बँका माजघरात उघडल्या आणि म्हातारीबरोबरच मिटल्या.

आमचीही मिटली. २००५च्या सुमारास आजी गेली. मडक्यांच्या जागी पत्र्याचे डबे आले. चिंधी बांधायला कुणी रानात फिरेना. आणि २०१२ साली पुन्हा पावसाने पाठ फिरवली. उजनी धरणातले पाणी उणे साठ्यात गेले, गावोगाव जनावरांच्या छावण्या पडल्या. रानात जी काही वीतभर ज्वारी उभी होती, ती कणीस धरण्याआधीच आम्ही कापून बैलांपुढे टाकली. डब्यात शिल्लक होते त्या बियाला सोंडे लागले होते. चाळणीत धरले, तर भुगा खाली पडला.

२०१३चा पाऊस बरा झाला. हस्त लागला, रान वाफशावर आले. वडील उंबऱ्यावर बसून होते. दुकानात पिशव्या होत्या. पण मागची उधारी फिटल्याखेरीज पुढची पिशवी मिळणार नव्हती, आणि मी पगाराच्या पैशांतून आणतो म्हटले, तर वडिलांचा हट्ट वेगळाच. "एक एकर तरी आईच्या बियाची पायजे." मग जुन्या वाटांनी शोध सुरू झाला. आतेआजीच्या नातवाला फोन केला. तिकडे भीमाकाठी आता नजर जाईल तिथवर ऊस. "मामा, ज्वारी आमी इकत खातो," तो म्हणाला. भावकीत विचारायची सोय राहिली नव्हती. बांधाचे भांडण पूर्वी पेरणीपुरते थांबे, आता ते बारा महिने चालते. आणि विचारले असते तरी काय, त्यांच्याही घरी पिशवीच. सोयरे डाळिंबात गेलेले. नात्यांच्या वाटा होत्या तिथेच होत्या, पण त्यांवरून चालणारे बी उरले नव्हते.

संध्याकाळी आई म्हणाली, "वड्याकडंला इचारा की."

वडील काही बोलले नाहीत. त्या दाराशी मागायला आमच्या घरचे कुणी कधी गेले नव्हते. सालगडी केव्हाच वारले होते. त्यांची सून ती तीन एकर करत होती. मुलगा सोलापूरला कामाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील निघाले. मीही बरोबर गेलो.

काकू अंगण सारवत होत्या. वडिलांना पाहून त्या उठल्या, पदर नीट केला, घोंगडी टाकली. बोलणे पावसाचे झाले, जनावरांचे झाले, माझ्या शाळेचे झाले. वडिलांना शब्द सापडेना. अखेर काकूच म्हणाल्या, "बी पायजे न्हवं?"

गेल्या साली त्यांनी ओढ्यात झिरा खणून, घागरीने पाणी वाहून, चार ओळी जगवल्या होत्या. आत जाऊन त्या मडके घेऊन आल्या. तोंड शेणामातीने लिंपलेले. फोडले, तर आत राख आणि लिंबाचा पाला. दाणा पाहून वडिलांचे डोळे भरून आले. ते बी कुणाकडचे, हे विचारावे लागले नाही.

काकूंनी पायली पुढे घेतली, दाण्यात बुडवली आणि थांबल्या. वडिलांकडे बघून म्हणाल्या, "सपाट दिऊ का शिगेनं, भाऊ?"

त्यांच्या सासऱ्याच्या तोंडी आमच्या घरासाठी 'मालक' हा शब्द असे. 'भाऊ' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वडिलांनी मान खाली घातली. त्या वेळी ते वीसबावीस वर्षांचे होते, सपाट माप त्यांच्यासमोर भरले गेले होते. ते म्हणाले, "तुमी द्याल तसं. परत मी सवाईनं घालीन."

काकू हसल्या. त्या हसण्यात टोचणी होती की नव्हती, हे मला, कादंबऱ्या लिहिणाऱ्याला, आजही सांगता येणार नाही. त्यांनी माप शिगोशीग भरले, इतके की दाणे ओघळून घोंगडीवर पडले. दुसरे भरले. मग वर एक मूठ टाकली आणि म्हणाल्या, "सवाई नगं. शीग आन् मूठ. मामंजी मरूस्तवर सांगायचे, मापाचं काय मनात ठिऊ नगा, म्हातारीनं मागल्या दारी मूठ घातली हुती. त्या मुठीवर ह्ये रान उभं हाय."

तेव्हा मला आजीच्या मुठीची गोष्ट कळली.

परतताना वडील एक शब्द बोलले नाहीत. दोन दिवसांत पेरणी झाली. ज्वारी उगवून आली आणि दिवाळीपर्यंत घोट्याएवढी झाली. येळ अमावास्येला काकूंचा निरोप आला. आमच्या स्वतःच्या रानातली पूजा उरकून वडील ओढ्याकडे गेले आणि त्यांच्या कोपीसमोर पंगतीला बसले, भज्जी आणि आंबील पोटभर जेवले. गावात दोन दिवस त्याची चर्चा झाली, मग लोक विसरले. जेवण झाल्यावर वडील सुपारी चघळत काकूंच्या पिकातून एक फेरी मारून आले.

फेब्रुवारी सरता सरता आभाळ भरून आले. २०१४ची ती गारपीट महाराष्ट्रात कुणी विसरलेले नाही. कितीतरी शिवारांतली ज्वारी काळी पडली, द्राक्षाच्या बागा झोपल्या. आमचेही अर्धे पीक हातचे गेले. पण आदल्याच आठवड्यात आईने जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेली कणसे खुडून घरात आणली होती. ती वाळवली, बडवली, आणि घरात पहिला दाणा शिजण्याआधी परतीचे माप निघाले.

वडिलांनी ते स्वतः डोक्यावर नेले. काकूंच्या अंगणात पोते सोडून पायली पुढे घेतली. दोन मापे भरली, शिगोशीग. मग पोत्यात हात घालून एक मूठ काढली आणि वर टाकली. काकू पाहत होत्या. वडिलांनी पुन्हा हात घातला आणि आणखी एक मूठ टाकली.

"ही कसली?" काकूंनी विचारले.

"ही तवाची," वडील म्हणाले. "सपाट मापाची."

काकूंनी पदर पुढे केला.